विश्लेषण : नोकरी, घर, मोबाइल… मोठ्यांच्या दिवसात पुस्तकाला जागा कशी मिळणार? नाशिकचे प्रयोग काय सांगतात?

दर १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रमही झाला. दोन्हींचा भर शाळा-महाविद्यालयांवर. शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या, संसारात पडलेल्या माणसाने आनंदासाठी वाचावे, यासाठी मात्र कोणतीही यंत्रणा नाही. ‘पूर्वी खूप वाचायचो, आता होत नाही’ हे वाक्य त्यामुळे घरोघरी ऐकू येते. नाशिकमध्ये गेल्या दीड दशकात झालेले काही प्रयोग या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावतात.

मोठ्यांचे वाचन सुटते कुठे?

शाळेत अभ्यासाबाहेरच्या वाचनाला ‘अवांतर वाचन’ म्हणतात. म्हणजे मुख्य काम अभ्यास, उरलेल्या वेळात गोष्टीचे पुस्तक. ही विभागणी पुढे आयुष्यभर डोक्यात राहते. नोकरी लागल्यावर अभ्यासाची जागा काम घेते आणि ‘उरलेला वेळ’ कधी उरतच नाही. शिवाय विद्यार्थ्याच्या हाताशी शाळेचे ग्रंथालय असते, शिक्षक असतात, पुस्तकाबद्दल बोलायला मित्र असतात. बावीस-तेविसाव्या वर्षी या तिन्ही गोष्टी एकदम जातात. त्यानंतर पुस्तक शोधणे, आणणे, त्यासाठी वेळ काढणे आणि पूर्ण करणे ही सगळी कामे एकट्याची होतात. वाचन सुटते ते बहुधा या टप्प्यावर. आवड संपलेली नसते, आवडीला धरून ठेवणारी व्यवस्था संपलेली असते.

‘वेळच मिळत नाही’ हे कितपत खरे?

अर्धे खरे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार देशातील सहा वर्षांवरील व्यक्ती दिवसाचा सरासरी ११ टक्के वेळ संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि खेळ यांवर घालवतात. २०१९ मध्ये हे प्रमाण ९.९ टक्के होते. चोवीस तासांचे ११ टक्के म्हणजे सुमारे दोन तास ३८ मिनिटे. टीव्ही, मोबाइलवरचे मनोरंजन हे सारे त्यातच आले. म्हणजे विरंगुळ्याचा वेळ सरासरीने घटलेला नाही, उलट वाढला आहे.

पण सरासरीत एक मोठी गोष्ट लपते. याच सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. रोजचा फरक तीन तास २१ मिनिटांचा. घरातल्या बाईचा मोकळा वेळ सलग नसतो. कुकरच्या शिट्ट्या, मुलांचे डबे आणि पाहुण्यांच्या चहामध्ये तो तुकड्यातुकड्याने मिळतो. तिला ‘रोज अर्धा तास काढा’ असा सल्ला देण्यात अर्थ नसतो. आधी घरातल्या कोणीतरी तिच्या हातातले काम घ्यावे लागते.

बाहेरच्या देशांत काय स्थिती आहे?

ही तक्रार फक्त मराठी घरांची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील सुमारे दोन लाख ३६ हजार लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. एखाद्या दिवशी आनंदासाठी काही वाचणाऱ्यांचे प्रमाण २००४ मध्ये २८ टक्के होते, ते २०२३ मध्ये १६ टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये ‘द रीडिंग एजन्सी’च्या २०२४ च्या पाहणीत नियमित वाचणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ५० टक्के आढळले, २०१५ मध्ये ते ५८ टक्के होते. त्या पाहणीत ३५ टक्के लोकांनी आपण पूर्वी वाचायचो, आता सोडले, असे सांगितले. म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी परंपरा असलेल्या देशांतही मोठ्या माणसांचे वाचन आपोआप टिकत नाही.

‘ग्रंथ तुमच्या दारी’ नेमके काय आहे?

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ही योजना. पद्धत साधी आहे. लोकांच्या देणगीतून मराठी पुस्तके घ्यायची, ती एका पेटीत भरायची आणि एखादी सोसायटी, कॉलनी किंवा कार्यालयातील वाचकांच्या गटाकडे सोपवायची. गटातील एक जण पेटी सांभाळतो. पुस्तके आपसात फिरतात. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि या गटाकडे वेगळी पुस्तके असलेली पेटी येते. वाचकाला पैसे मोजावे लागत नाहीत. नाशिकमधून सुरू झालेल्या या पेट्या राज्यातील इतर शहरांत गेल्या, पुढे दुबईसह परदेशातील मराठी मंडळींपर्यंतही पोहोचल्या.

हा प्रयोग चालला कशामुळे?

पेटीची रचना पाहिली तर मोठ्या माणसाच्या वाटेतल्या चार अडचणी ती एकेक करून कमी करते. पहिली, अंतर. वाचनालय सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेत उघडे असते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याला ती वेळ जुळेलच असे नाही. पेटी शेजाऱ्याच्या घरी असेल तर रात्री साडेनऊलाही पुस्तक बदलता येते.

दुसरी, निवड. हजारो पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले की काय घ्यावे कळत नाही. मोजक्या पुस्तकांची पेटी हा पेच सोडवते. तिसरी, मुदत. विकत घेतलेले पुस्तक ‘वाचू कधीतरी’ म्हणून वर्षानुवर्षे कपाटात राहते. पेटी ठरावीक काळाने जाणार असते, त्यामुळे वाचायचे तर आताच.

चौथी सर्वात महत्त्वाची, सोबत. शेजारच्या काकूंनी तेच पुस्तक वाचलेले असते आणि जिन्यात भेटल्यावर त्या ‘झालं का वाचून? शेवट कसा वाटला?’ असे विचारतात. शाळेनंतर हरवलेला पुस्तकावर बोलणारा माणूस या एका प्रश्नातून परत मिळतो.

नाशिकमध्ये असे आणखी काही आहे का?

मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळ, दहावा मैल येथे भीमाबाई जोंधळे यांचे ‘आजीचं पुस्तकांचं हॉटेल’ आहे. जेवण येईपर्यंत ग्राहकाने मोबाइलऐवजी पुस्तक हातात घ्यावे, एवढीच तिथली कल्पना. वेळ नव्याने काढावा लागत नाही. वाट पाहण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटे वापरली जातात.

गोदाकाठी मे महिन्यात होणारी वसंत व्याख्यानमाला हा वाचनाचा उपक्रम नव्हे, पण त्यातून एक धडा मिळतो. जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि ओळखीचे चार जण तिथे येणारच, म्हणून लोक जातात. बंगळूरुच्या कबन पार्कात सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून शांतपणे आपापले पुस्तक वाचण्याचा उपक्रम २०२३ मध्ये देशभर गाजला आणि अनेक शहरांत पोहोचला, त्यामागेही हेच सूत्र दिसते.

सार्वजनिक वाचनालये असताना वेगळी यंत्रणा कशाला?

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘सावाना’, १८४० मध्ये स्थापन झाले. देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावण्याच्या १३ वर्षे आधी आणि पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्या आठ वर्षे आधी. इतकी जुनी संस्था असलेल्या शहरातही पेटीची गरज भासली, कारण शहर चारी बाजूंनी वाढले. पाथर्डी फाटा किंवा आडगावकडच्या नव्या वसाहतीतून पुस्तक बदलायला गावात येणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते.

दुसरा मुद्दा पैशांचा. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार हजारो सार्वजनिक ग्रंथालये चालतात. त्यांचे अनुदान २०२२ मध्ये ६० टक्क्यांनी वाढवण्यात आले. तरीही सर्वात लहान ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयेच झाले. महिन्याला चार हजार. त्यात सेवकाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि नवी पुस्तके बसवायची! रात्री उशिरापर्यंत दार उघडे ठेवणे या हिशोबात शक्य नाही. अनेक वाचनालयांतील जागाही आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांना द्यावी लागते. ती गरज खरीच आहे, पण त्यामुळे कादंबरी न्यायला येणारा पन्नाशीचा सभासद हळूहळू कडेला जातो.

वाचनाची सवय लागायला किती दिवस लागतात?

‘२१ दिवसांत सवय’ हे गणित समाजमाध्यमांवर फिरते, पण त्याला आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागतात, असे दिसले. व्यक्तीनुसार हा अंदाज १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. दोन निष्कर्ष कामाचे आहेत. एक, नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली तर ती रुजते. ‘जेवणानंतर’, ‘सकाळच्या चहाबरोबर’ असे. दोन, एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. चुकला म्हणून सोडून देणे हेच नुकसान.

आता साधा हिशोब. रोज दहा पाने वाचली तर वर्षाला ३,६५० पाने होतात. म्हणजे अडीचशे पानांची चौदा पुस्तके. निम्मे दिवस चुकले तरी सात. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणारे पासधारक एका बाजूच्या प्रवासात सुमारे साडेतीन तास घालवतात. त्यातली वीस मिनिटे हा हिशोब पूर्ण करू शकतात.

मोबाइलवर वाचणे, ऐकणे हे वाचन मानायचे का?

हेतू आनंदाचा असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी ई-पुस्तके उपलब्ध झाली, तर २०१७ मध्ये स्टोरीटेल मराठी ध्वनिपुस्तकांसह भारतात आले. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. दोन्ही हात कामात असलेल्या व्यक्तीला ऐकण्याचा पर्याय मोठाच आधार आहे. अडचण एवढीच की ज्या पडद्यावर पुस्तक आहे त्याच पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आहे. मोबाइलवर वाचताना सूचना बंद ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

सोसायटीला किंवा घराला काय करता येईल?

आठ-दहा घरांनी प्रत्येकी तीन पुस्तके दिली तरी पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी तयार होते. सांभाळणारा एक जण, नोंदीची एक वही आणि परत करण्याची तारीख एवढे पुरते. पुस्तके जड नकोत. रहस्यकथा, विनोद, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, बालपणी आवडलेले काहीही चालेल. ‘चांगले’ वाचण्याच्या दडपणाखाली हाती घेतलेले पहिले पुस्तक तिसाव्या पानावर थांबते. न आवडलेले पुस्तक अर्धे सोडायला हरकत नसावी. तीन-चार महिन्यांनी शेजारच्या सोसायटीशी पेटी बदलावी.

घरापुरते पाहायचे तर आधी प्रश्न कामाच्या वाटणीचा. रात्रीची भांडी आणि ओटा दुसऱ्या कोणी आवरला तर आईच्या वाट्याला सलग वीस मिनिटे येतात.

धोरणात काय बदलायला हवे?

वाचनाच्या सरकारी मोहिमांत प्रौढ वाचक हा स्वतंत्र गट मानला गेला तर काही गोष्टी सहज शक्य आहेत. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांना आठवड्यातून दोन दिवस रात्री उघडे राहण्यासाठी वेगळे मानधन, नव्या वसाहतींत फिरत्या पेट्या, औद्योगिक वसाहतींतील उपाहारगृहांत पुस्तकांचे कपाट. यासाठी नवे बांधकाम लागत नाही. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. नाशिकच्या पेट्या मात्र अजून प्रामुख्याने देणगीदार आणि स्वयंसेवकांच्या बळावर फिरत आहेत. लोकांनी आपल्या हिमतीवर चालवून दाखवलेली ही पद्धत सार्वजनिक ग्रंथालयांच्या नेहमीच्या कामाचा भाग होते का, हे पाहावे लागेल.