रात्रींचा हिशेब

मध्यमवर्गीय माणूस युरोपला निघतो तो विमानतळावरून नव्हे. तो निघतो दिवाळीतल्या एखाद्या दुपारी, जेवणाच्या टेबलावरून. मध्ये चकल्यांचा डबा असतो, एक जण नकाशा पसरतो, दुसरा भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणतो आणि तिसऱ्याला नेमके आठवते की, शेजारच्यांनी चौदा दिवसांत दहा देश 'केले' होते. मी मराठीचा मास्तर. क्रियापदांकडे माझे लक्ष जरा लवकर जाते. पॅरिस केले, रोम केले, स्वित्झर्लंड दीड दिवसात केले! गाव पाहावे, गावात राहावे, हे ठीक. पण ते 'करायचे' कसे?

या 'करण्या'चे मूळ फार दूर नाही. आपण अष्टविनायक करतो, चारधाम करतो. तिथे संख्येला अर्थ आहे. सात गणपती झाले आणि आठवा राहिला, तर यात्रा पुरी झाली नाही अशी चुटपुट लागते, आणि ती रास्तही आहे. पण युरोपचे अष्टविनायक कोणी ठरवून दिलेले नाहीत. तिथे आपणच संख्या ठरवतो आणि मग ती पुरी करण्यासाठी आपणच धापा टाकतो.

आमची चौकडी म्हणजे मी, आमच्या सौभाग्यवती, त्यांचे थोरले बंधू (दादा) आणि वहिनी. दादा व वहिनी दोघेही साठी ओलांडलेले. पण पायांनी आमच्यापेक्षा तरुण. रोज सकाळी पर्वती आणि दर रविवारी सिंहगड. दादा बँकेतून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात जायचे ठरले तेव्हा त्यांनी एका बैठकीत यादी केली : लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, प्राग, व्हिएन्ना, झुरिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. शहरे अकरा, दिवस अठरा.

"हे पाहा प्रोफेसर," दादा म्हणाले, "पुन्हा जाणं होईल असं धरून चालू नये. एकदाच जायचं, तर सगळं पाहून यायचं."

या म्हणण्याला हसू नये. आयुष्यभराच्या बचतीतला मोठा लचका एका प्रवासात जाणार असतो. आज गुडघे साथ देतात. आणखी पाच वर्षांनी देतील, याचे मुदतठेवीसारखे प्रमाणपत्र कोणी देत नाही. लांबलचक यादीमागे हावरेपणा थोडा आणि धास्ती फार, असाच बहुधा प्रकार असतो.

मी दादांच्याच वहीत त्यांना समजेल असा जमाखर्च मांडला. गाव बदलायचे म्हणजे सामान भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीत बसा, नवे बिऱ्हाड शोधा आणि दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत ताटकळा. एका बदलाला अर्धा दिवस सहज जातो. अकरा गावे म्हणजे दहा बदल, म्हणजे पाच दिवस खर्ची. जाण्यायेण्याच्या विमानाचे दोन. शिल्लक अकरा दिवस, आणि गावेही अकरा! एका गावाला एक दिवस. त्यात जेवण, झोप आणि रस्ता चुकणे आले. दादांनी बेरीज दोनदा तपासली. ती बरोबर होती, याचे त्यांना वाईट वाटले.

लंडन मात्र बेरजेने नव्हे, कायद्याने गळाले. ब्रिटनचा व्हिसा निराळा काढावा लागतो. बाकीच्यांचे काम एका शेंगेन व्हिसात भागते. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. तिथे १९८५ साली पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या कुटुंबात २९ देश आहेत. युरोपीय संघाबाहेर राहिलेले स्वित्झर्लंडही त्यात आहे.

घाई हा काही आपल्याच पिढीचा रोग नव्हे. थॉमस कुकने १८४१ साली इंग्लंडात आगगाडीची आपली पहिली सहल काढली आणि १८६३ मध्ये तो प्रवाशांचा जथा घेऊन स्वित्झर्लंडला पोहोचला. तेव्हापासून माणसे घड्याळ हातात धरून डोंगर पाहत आहेत. १९६९ साली एका अमेरिकन चित्रपटाचे नावच असे होते की, आज मंगळवार असेल तर हे बेल्जियमच असले पाहिजे. आणि महाकवी गटे? १७८६ मध्ये इटलीत उतरल्यावर त्याने फ्लॉरेन्स अवघ्या तीन तासांत उरकले. त्याला रोमची ओढ लागली होती. मात्र रोममध्ये तो पुढे कितीतरी महिने राहिला. म्हणजे त्याने एक शहर सोडले ते दुसरे मनसोक्त मिळावे म्हणून. आपण अकराही शहरे फ्लॉरेन्ससारखी उरकतो आणि रोम कुठेच ठेवत नाही.

हे मी बऱ्यापैकी रंगून सांगत होतो. तेवढ्यात सौभाग्यवतींच्या एक गोष्ट ध्यानात आली, जी माझ्या आणि दादांच्या आली नव्हती. मी लूव्र सांगितले होते, त्यांनी स्वतः फ्लॉरेन्स, उरलेले सगळे दादांनी. वहिनींनी एकाही गावाचे नाव घेतले नव्हते.

"वहिनी, तुला कुठे जायचंय?"

"मला काय, कुठलंही चालेल."

"तरी पण?"

वहिनींनी चकलीचा चुरा बोटाने एका जागी गोळा केला. मग म्हणाल्या, "असं एखादं ठिकाण असलं तर पाहा, जिथे रोज सकाळी उठून बॅग भरायची नाही. आणि चालायला निघालं, की परत किती वाजता येणार ते आधी सांगून जावं लागणार नाही."

यावर कोणीच काही बोलले नाही. दादांची आई अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होती. ती आमच्या घरातलीही आई, माझ्या सासूबाई. त्या अकरा वर्षांत वहिनींनी पुण्याबाहेर एकही रात्र काढली नाही. रोजची पर्वतीसुद्धा शेजारच्या बाई येऊन बसत त्या पाऊण तासात व्हायची. सासूबाई जाऊन दोन वर्षे झाली होती. पण पर्वती उतरताना वहिनींचे डोळे अजून मनगटाकडे जात. आम्ही ते शेकडो वेळा पाहिले असेल. दादांनी पेन उघडले आणि ब्रसेल्सपासून एकेक नाव खोडायला सुरुवात केली.

शेवटी जो बेत ठरला तो असा : पॅरिसमध्ये ५ रात्री, स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन या खेड्यात ६, फ्लॉरेन्सला ४ आणि रोमला ४. मुक्काम चार, रात्री १९. अठराचे दिवस थोडे वाढवले, अकराची गावे चारावर आणली. विमानाचे तिकीट पॅरिसला जाण्याचे आणि रोमहून येण्याचे काढले. त्यामुळे उलटे फिरण्याचा एक दिवस आणि एक भाडे वाचले. मधला प्रवास सगळा आगगाडीचा. पॅरिसहून बाझेल वेगवान गाडीने तीन तासांवर; तिथून इंटरलाकेनवरून आमचे खेडे. पुढे इटलीत उतरायचे ते आल्प्सच्या पोटातून, १९०६ साली खुल्या झालेल्या जवळजवळ वीस किलोमीटर लांबीच्या सिम्प्लॉन बोगद्यातून. आपला बोरघाट ज्यांनी खिडकीला नाक लावून पाहिला आहे, त्यांनी हा रस्ता विमानाने ओलांडू नये.

रात्रींचा हा हिशेब व्हिसाच्या कामीही येतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा असा नियम आहे. मुक्काम सारखे असतील, तरच पहिल्यांदा उतरण्याचा देश धरायचा. आम्ही उतरणार पॅरिसला. पण फ्रान्सच्या रात्री ५, स्वित्झर्लंडच्या ६ आणि इटलीच्या दोन्ही गावांच्या मिळून ८. म्हणून अर्ज इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबणे म्हणजे लग्नघटकेला भटजी शोधायला निघणे. प्रौढांना शुल्क ९० युरो, २०२४ च्या जूनपासून. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तेव्हा जूनमध्ये जायचे, तर दिवाळीत सुरुवात करणे ही घाई नव्हे, तोच मुहूर्त.

जूनच का? पॅरिसला जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. चालणाऱ्या माणसाला एका तिकिटात दीड दिवस मिळतो. जुलै-ऑगस्टला गर्दी वाढते, आणि ऊनही. २००३ च्या उन्हाळ्यात त्या थंड समजल्या जाणाऱ्या खंडात उष्म्याने हजारो वृद्ध दगावले. जुन्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी वातानुकूलन नसते, पंखाही नसतो. इटलीत १५ ऑगस्टच्या मागेपुढे दुकानदारच सुट्टीवर जातात. जूनच्या आरंभी मात्र आल्प्सच्या उंच वाटांवर बर्फ शिल्लक असू शकते, तेव्हा मधल्या उंचीच्या वाटा निवडाव्यात.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. लूव्र मंगळवारी बंद असते आणि व्हॅटिकनची संग्रहालये, महिन्याचा शेवटचा रविवार सोडला, तर रविवारी बंद. वार पाहूनच मुक्काम लावावेत. जिना चढून स्वतः उचलता येईल एवढीच बॅग न्यावी. तिथल्या स्टेशनावर हमाल धावून येत नाही. बूट नवे नेऊ नयेत, चार रविवार सिंहगडावर मळवून न्यावेत. आणि फराळाच्या डब्याबद्दल : मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या, पण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे तुपाची बरणी घरी. आंबाही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, हे कळले तेव्हा हापूसची पेटी बरोबर घेण्याच्या बेतात असलेले दादा पॅरिस रद्द करायला निघाले होते.

आता त्या सहा रात्रींबद्दल. लाउटरब्रुनेन ही उभ्या कड्यांमधली अरुंद दरी. कड्यांवरून धबधबे कोसळत असतात. वर कड्याच्या काठावर म्यूरेन नावाचे गाव आहे, मोटारी नसलेले. त्याची उंची साधारण १६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढी. आपण जिथे धापा टाकत पोहोचून देवीला हात जोडतो, तेवढ्या उंचीवर तिथे लोक दूध आणायला बाहेर पडतात! तिथून ग्रुट्शाल्पपर्यंत रुळांच्या सोबतीने एक सौम्य वाट जाते आणि समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरे ओळीने उभी असतात.

स्वित्झर्लंडच्या पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्या मला फार आवडल्या. त्यांवर अंतर लिहिलेले नसते, वेळ लिहिलेली असते : अमुक गाव, एक तास दहा मिनिटे. साधी वाट पिवळी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर डोंगरवाट, तिथे पाय सांभाळायचे. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर आपल्यासारख्यांनी फोटो काढून परत फिरायचे. म्यूरेनच्या त्या सव्वा तासाच्या वाटेला वहिनींना तीन तास लागले. दम लागला म्हणून नव्हे. वाटेत बाके होती म्हणून. एके दिवशी दादा एकटेच ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनावर जाऊन बर्फ तुडवून आले. चौघांनी निघायचे म्हणून चौघांनी सगळीकडे जायचे, असा काही नियम नाही. चौथ्या दिवशी वहिनींच्या मनगटावर घड्याळ नव्हते. कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

या बेताची किंमत पडली नाही असे नाही. मिलानला आम्ही फक्त गाडी बदलली. लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' त्याच शहरात, स्टेशनापासून थोड्या अंतरावर होते आणि आम्ही ते पाहिले नाही. ते पाहायला पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यांसाठी फार आधी नाव नोंदवावे लागते. व्हेनिस राहिले, व्हिएन्ना राहिले. ती खंत खरी आहे, ती लपवत नाही. आप्तेष्ट अजून दादांना विचारतात, "काय, व्हेनिस नाही केलंत?" दादा शांतपणे सांगतात, "नाही. म्यूरेनला बसलो होतो."

वाचकांपैकी ज्यांच्या टेबलावर या दिवाळीत नकाशा पसरला जाईल, त्यांना माझे एवढेच सांगणे. आधी रात्री मोजा, मग गावे घाला. एका गावाला तीन रात्रींपेक्षा कमी देऊ नका. आणि यादी पक्की करण्यापूर्वी घरातल्या त्या माणसाला विचारा, ज्याला 'कुठलंही चालतं'. दोनदा विचारा. पहिल्यांदा तो खरे सांगणार नाही.