१ ते १०० मध्ये ९ किती?

नवी मुंबईत पत्ता सांगायचा म्हणजे आकडेच सांगायचे: सेक्टर, प्लॉट, फ्लॅट, पार्किंग. म्हणून शिष्यवृत्तीच्या तयारीतलं एक नेहमीचं गणित इथे सोसायटीच्या आवारातच मांडता येतं. पार्किंगच्या १ ते १०० जागांवर चिकटवायला सुटे अंक आणायचे आहेत. ९ चे किती आणावे लागतील?

पालकांना कळकळीची विनंती आहे, उत्तर आधी सांगू नका. '० अकरा वेळा, १ एकवीस वेळा, बाकीचे वीस-वीस वेळा' असं मुलांकडून घोकून घेतलं जातं. ते खरंही आहे. पण १०० च्या जागी २०० आले की पाठांतर तिथेच संपतं.

मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. आधी फक्त एकक स्थान बघायचं: ९, १९, २९ असं करत ९९. झाले १० वेळा. मग दशक स्थान: ९० पासून ९९ पर्यंत सलग १० वेळा. एकूण २०.

इथे मूल हमखास विचारतं, '९९ दोनदा मोजला ना?' मोजायलाच हवा, त्या जागेवर दोन ९ चिकटवायचे आहेत. मात्र '९ हा अंक किती संख्यांमध्ये येतो?' असं विचारलं तर उत्तर १९. प्रश्न अंकाचा आहे की संख्येचा, हे थांबून वाचायची सवय लावा. येणारं गणित चुकतं ते इथेच.

१ ची गोष्ट जरा वेगळी. एककात १०, दशकात १०, आणि १०० मधला एक, म्हणून २१. शून्य दशक स्थानी फक्त १०० मध्येच येतं, म्हणून १० अधिक १, म्हणजे ११.

आता पडताळा, आणि तो टाळू नकाच. १ ते ९ चे ९ अंक, १० ते ९९ या ९० संख्यांचे १८०, १०० चे ३. एकूण १९२. दुसऱ्या बाजूने ११ अधिक २१ अधिक आठ अंकांचे १६०. तेही १९२! हे स्वतः जुळवलेल्या मुलाला उत्तरसूची उघडावी लागत नाही. यात गेलेला अर्धा तास वाया गेला असं समजू नका. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अंकांची अशीच उलथापालथ करत ६१७४ या संख्येपर्यंत पोहोचले.

पुढचं गणित इमारतीचं द्या. सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, १०१ ते १०४ पासून ७०१ ते ७०४ पर्यंत. दारांवर एकूण ८४ अंक लागतील. त्यात १ किती? पहिल्या मजल्यावर शतक स्थानी ४, शिवाय प्रत्येक मजल्याच्या पहिल्या दारावर एकक स्थानी एकेक, म्हणून ११. बाकीचे अंक मुलालाच काढू द्या, आणि बेरीज ८४ येईपर्यंत मध्ये बोलू नका.