नगरचा पाऊस आणि समुद्रातला बोया

पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा महासागराशी काय संबंध, असा प्रश्न अंदाजपत्रकाची कात्री हाती असलेल्यांना सहज पडतो. १९७२ साली प्रशांत महासागर तापला, इकडे पाऊस रुसला आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. १९९७ साली तोच महासागर त्याहूनही अधिक तापला. तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचे पश्चिमेकडील पाणी असाधारण उबदार होते, हे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ सांगतात.

उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभागच दिसतो. पोटातली ऊब एकाच जागी अखंड मोजायची तर तळाशी नांगरलेला बोया हवा. अशा बोयांची साखळी भारत, अमेरिका, जपान आदी देशांनी २००४ पासून हिंदी महासागरात उभारण्यास घेतली.

परंतु खरा खर्च बोयाचा नसून त्याची देखभाल करणाऱ्या जहाजाचा असतो. अमेरिकेने २०१२ मध्ये प्रशांत महासागरातील असे जहाज निवृत्त केले. २०१४ पर्यंत तेथील बोयांकडून निम्मीही माहिती येईना. एवढ्या धनाढ्य देशाची ही काटकसर! ज्यातून नफा निघत नाही ते बाजार राखीत नाही. ते सार्वजनिक पैशातूनच राखावे लागते. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या बोयांसाठी जहाजफेऱ्यांची तरतूद केंद्र सरकारने स्वतंत्र व कायम ठेवावी. आणि त्या माहितीवर आधारलेला अंदाज बाजरीच्या पेरणीपूर्वी जामखेड-कर्जतच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर, समजेल अशा मराठीत लागला पाहिजे.