न उठलेले गाव

मराठीत ‘गाव उठणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. दुष्काळात, प्लेगच्या साथीत, पेंढाऱ्यांच्या धाडींत आपल्याकडची कितीतरी गावे उठली. माणसे गेली, चुली विझल्या, देवळात दिवा लावणारे कोणी उरले नाही आणि काही वर्षांतच तिथे गाव होते याची खूण म्हणून केवळ एखादी पडकी विहीर शिल्लक राहिली. नैसर्गिक आपत्तीत गाव उठते, तेव्हा तो दैवाचा घाला असतो. परंतु जेव्हा बंदुकीच्या धाकाने गाव उठविले जाते, तेव्हा ती आपत्ती नसते. ते आक्रमण असते. जम्मू-काश्मीरमध्ये गेली साडेतीन दशके दहशतवादाने जे युद्ध चालविले आहे, त्याचा खरा हेतू मारल्या गेलेल्यांच्या संख्येत शोधून सापडणार नाही. चार माणसे मारून चारशे माणसांना घर सोडायला लावणे, हा तो हेतू आहे. म्हणूनच अशा हल्ल्यानंतर किती माणसे गेली, या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: गाव राहिले की उठले?

राजौरी जिल्ह्यातील डांगरी या गावाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ते उत्तर प्रत्येक देशभक्त नागरिकाने नीट समजून घ्यावे, असे आहे.

१ जानेवारी २०२३. देशभर नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या-घेतल्या जात असताना, त्या दिवशी सायंकाळी शस्त्रधारी दहशतवादी डांगरीत शिरले आणि एकमेकांजवळ असलेल्या तीन हिंदू घरांवर त्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. चार जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. त्या रात्री गावात कोणाचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शोकाकुल आप्तस्वकीय आणि शेजारी जमले असताना, हल्ला झालेल्या एका घराजवळ दहशतवाद्यांनी पेरून ठेवलेल्या स्फोटकाचा स्फोट झाला. त्यात दोन लहान भावंडे बळी पडली. पुढच्या आठवड्यात आणखी एका जखमी तरुणाने रुग्णालयात प्राण सोडला. अशा रीतीने या छोट्याशा गावाने सात जीव गमावले. एका मातेचे तर दोन्ही पुत्र गेले. सायंकाळी माणसे मारायची आणि सकाळी त्यांच्यासाठी रडायला आलेल्यांनाही मारायचे, या योजनेमागील क्रौर्याला कोणत्याही भाषेत पुरेसा शब्द नाही.

हा संहार याहून मोठा झाला नाही, याला एक कारण आहे. गावातील एका ग्रामरक्षकाकडे जुन्या पद्धतीची थ्री-नॉट-थ्री रायफल होती. गोळीबाराचा आवाज ऐकताच तो घरात दडून बसला नाही. त्याने बाहेर येऊन गोळ्या झाडल्या आणि पुढच्या घरांकडे निघालेले हल्लेखोर अंधारात पळाले, असे ग्रामस्थ सांगतात. अद्ययावत स्वयंचलित शस्त्रे घेऊन आलेल्यांसमोर एक कालबाह्य बंदूक आणि एक न डगमगलेला माणूस एवढेच गावाचे संरक्षण होते. या ग्रामस्थांची एक तक्रारही होती, आणि ती शासनाने ऐकली पाहिजे. गावातील ग्रामरक्षकांना पूर्वी दिलेली बरीच शस्त्रे, परिस्थिती निवळली या समजुतीने, परत घेण्यात आली होती, असे त्यांचे म्हणणे होते. शांतता प्रस्थापित झाली असे कागदावर लिहिणे सोपे असते. पण त्या कागदाची किंमत डोंगरातल्या माणसाला मोजावी लागते.

यानंतर गावाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी मृतदेह चौकात ठेवले आणि आमचे ऐकून घेतल्याशिवाय अंत्यसंस्कार करणार नाही, असे सांगितले. कोणाची घरे जाळली नाहीत, शेजारच्या वस्तीवर कोणी चालून गेले नाही. कडाक्याच्या थंडीत बायाबापड्यांसह सारे गाव बसून राहिले. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांना गावात यावे लागले. मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये आणि शासकीय नोकरी देण्याची घोषणा झाली. ३ जानेवारीला हजारोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अठरा तुकड्या राजौरी व पूंछ जिल्ह्यांत पाठविण्यात आल्या. ग्रामरक्षकांना पुन्हा प्रशिक्षण आणि पूर्वीपेक्षा चांगली शस्त्रे देण्यास प्रारंभ झाला. दुःखाने उन्मळून पडलेल्या, तरीही शिस्त न सोडणाऱ्या समाजाचे हे दर्शन होते. आणि मुख्य म्हणजे, डांगरी उठली नाही.

या न उठण्याचे मोल कळण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागेल. २३ मार्च २००३ च्या रात्री काश्मीर खोऱ्यातील नदीमर्ग या गावी लष्करी गणवेशात आलेल्या दहशतवाद्यांनी काश्मिरी पंडितांना घराबाहेर काढून रांगेत उभे केले आणि गोळ्या घातल्या. ११ पुरुष, ११ स्त्रिया आणि २ बालके, असे २४ जण मारले गेले. १९९० च्या महानिर्वासनानंतरही ही मंडळी मातीला चिकटून राहिली होती. गावात पोलिसांची चौकी होती, परंतु तिचा काही उपयोग झाला नाही. उरलेली कुटुंबे जम्मूकडे निघून गेली आणि नदीमर्गमधील पंडितांची वस्ती उठली. त्यापूर्वी जानेवारी १९९८ मध्ये वंधामा येथे २३ पंडितांचे असेच हत्याकांड झाले होते, तिथेही हेच घडले. खोऱ्यात विखुरलेल्या त्या मूठभर कुटुंबांच्या हाती आत्मरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते आणि त्यांच्या पाठीशी उभा राहील असा संघटित समाज नव्हता. त्यांनी गाव सोडले याचा दोष त्यांना देणे, हे पाप ठरेल. दोष असेल तर तो त्यांना एकटे पडू देणाऱ्या राजसत्तेचा आणि दिल्लीत बसून मौन पाळणाऱ्या बुद्धिवंतांचा आहे.

पीरपंजालच्या दक्षिणेस मात्र वेगळा प्रयोग झाला. १९९५ मध्ये तत्कालीन डोडा जिल्ह्यात ग्रामसंरक्षण समित्या स्थापन करण्यास सुरुवात झाली. निवृत्त सैनिक, शेतकरी, मेंढपाळ, दुकानदार अशा सामान्य माणसांना बंदुका आणि जुजबी प्रशिक्षण देण्यात आले. ज्या वस्तीत पोलीस पोहोचायला अनेक तास पायपीट करावी लागते, तिथे पहिले काही तास गावानेच तग धरला पाहिजे, हा त्यामागील साधा व्यवहारी विचार होता. या समित्यांनी सर्व हल्ले थांबविले, असा दावा कोणी करणार नाही. जून १९९८ मध्ये चापनारी येथे लग्नाच्या वऱ्हाडातील २५ जण मारले गेले. एप्रिल २००६ मध्ये कुलहंड येथे २२ ग्रामस्थांची हत्या झाली. परंतु खोऱ्यात १९९० मध्ये जसे संपूर्ण समाजाचे निर्वासन झाले, तसे डोडा, किश्तवाड, राजौरी, पूंछच्या डोंगराळ भागात होऊ शकले नाही, हे सत्य आहे. ज्याच्या हाती रक्षणाचे साधन आहे आणि ज्याचा शेजारी जागा आहे, तो माणूस सहजासहजी गाव सोडत नाही.

या समित्यांवर मानवाधिकारवाद्यांनी पुष्कळ टीका केली. नागरिकांच्या हाती शस्त्रे देणे धोक्याचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. काही सदस्यांवर शस्त्रांच्या गैरवापराचे गुन्हे दाखल झाले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. शस्त्र हाती घेणाऱ्याने कायद्याच्या मर्यादेतच राहिले पाहिजे. ज्याने ती ओलांडली, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्यावरून ही व्यवस्थाच मोडीत काढा असे सांगणाऱ्यांनी डांगरीच्या त्या रात्री ती एक रायफलही नसती तर काय झाले असते, याचे उत्तर द्यावे.

ग्रामसंरक्षण हे एका समाजाने दुसऱ्याविरुद्ध उगारलेले शस्त्र आहे, असेही भासविले जाते. वस्तुस्थिती काय आहे? सप्टेंबर २००९ मध्ये याच राजौरी जिल्ह्यात आई-वडिलांना मारहाण करणाऱ्या दहशतवाद्यावर कुऱ्हाडीने तुटून पडून, त्याचीच बंदूक हिसकावून त्याला ठार करणारी तरुणी रुखसाना कौसर होती. राष्ट्राने तिचा कीर्तिचक्र देऊन गौरव केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये किश्तवाडच्या जंगलात गुरे चारायला गेलेल्या दोन ग्रामरक्षकांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. त्यांपैकी एक हिंदू होता, दुसरा मुसलमान. लढाई भारताच्या बाजूने उभे राहणारे आणि भारत तोडू पाहणारे यांच्यात आहे. जो या मातीच्या बाजूने उभा राहतो, तो आपला आहे.

राजौरीला हे नवे नाही. १९४७ च्या दिवाळीत पाकिस्तानी आक्रमकांच्या तावडीत सापडलेल्या या नगरात हजारोंची कत्तल झाली होती. १२ एप्रिल १९४८ रोजी भारतीय सेना राजौरीत पोहोचली आणि त्या विजयाची वाट एका कोकणी सुपुत्राने मोकळी केली होती. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, मुंबई सॅपर्सचे अधिकारी, यांनी ८ ते ११ एप्रिल या काळात, जखमी अवस्थेत, शत्रूच्या गोळीबारात नौशेरा ते राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना रस्ता करून दिला. त्याबद्दल त्यांना जिवंतपणी परमवीरचक्र मिळाले. त्याच मोहिमेच्या काळात नौशेरा राखणारे ब्रिगेडियर महंमद उस्मान त्या वर्षी जुलैमध्ये झांगड येथे धारातीर्थी पडले. राणे यांचे अखेरचे वास्तव्य पुण्यात होते. राजौरी आपल्यापासून दूर आहे असे वाटणाऱ्या मराठी वाचकाने ही नोंद लक्षात ठेवावी.

डांगरीच्या गुन्हेगारांचा माग देशाने सोडलेला नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच जणांवर आरोपपत्र दाखल केले. त्यांतील तिघे त्या वेळी पाकिस्तानात बसलेले लष्कर-ए-तोयबाचे म्होरके, तर दोघे हल्लेखोरांना आश्रय दिल्याचा आरोप असलेले स्थानिक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजीमाल येथील चकमकीत ठार झालेला क्वारी हा डांगरी हल्ल्याचा सूत्रधार होता, असे लष्कराने सांगितले. त्या एका चकमकीत दोन कॅप्टनसह आपले पाच वीर हुतात्मा झाले. सात ग्रामस्थांना न्याय मिळवून देण्यासाठी पाच सैनिकांनी प्राण दिले, हा हिशेब शहरात सुखाने झोपणाऱ्या प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा.

आता प्रश्न उरतो तो गावामागे उभे राहण्याचा. ऑगस्ट २०२२ पासून ग्रामसंरक्षण समित्यांची पुनर्रचना ‘ग्रामसंरक्षण गट’ या नावाने झाली. त्या योजनेत अधिक संवेदनशील भागातील गटप्रमुखाला दरमहा ४,५०० रुपये आणि सदस्याला ४,००० रुपये मानधन ठरविण्यात आले. म्हणजे दिवसाला सुमारे १३३ रुपये! दिवसभर शेतात राबून रात्र-रात्र पहारा देणाऱ्या माणसाला शेतमजुराची रोजंदारीही नाही. मानधन सन्मानजनक असावे, वेळेवर मिळावे. शस्त्र व दारूगोळा नियमित तपासला जावा. परिस्थिती सुधारली म्हणून पहारा उठविण्यापूर्वी गावाचे मत घेतले जावे. आणि गोळीबार पाहिलेल्या मुलांच्या मनावरील आघातावर उपचार करणारी माणसे तालुक्याच्या रुग्णालयात असावीत. या मागण्या अवाजवी नाहीत. देशाच्या सीमेवर राहण्याचे ते किमान मोल आहे.

समाजाचे कर्तव्य शासनाच्या कर्तव्याहून वेगळे आहे. काश्मिरी पंडितांचे निर्वासन झाले, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या आग्रहामुळे महाराष्ट्रातील तंत्रशिक्षण महाविद्यालयांत त्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. त्या निर्णयाने एका पिढीला आधार दिला. विस्थापितांना आश्रय देणारा महाराष्ट्र, ही कीर्ती आपण मिळविली. परंतु जे विस्थापित होण्यास नकार देतात, त्यांच्यासाठी आपण काय केले? घर सोडून आलेल्याची व्यथा आपल्या दाराशी येते, म्हणून ती आपल्याला दिसते. घर न सोडणारा तिकडे डोंगरात असतो. त्याची आठवण आपल्याला केवळ हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर होते आणि आठवडाभरात विरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. तेव्हा डोंबिवली आणि पुण्याच्या घरांतून जो आक्रोश उठला, तो डांगरीच्या आक्रोशाहून वेगळा नव्हता. फरक एवढाच, की डांगरीच्या माणसाला त्याच डोंगरात, त्याच वाटेवर, दुसऱ्या दिवशीही गुरे घेऊन जायचे असते.

वाचकांपैकी जे कार्यकर्ते आहेत, त्यांना निधी कसा उभारावा, संपर्क कसा ठेवावा हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु मदत ही तेरवीपुरती नसावी. एखाद्या शाखेने, एखाद्या गृहसंकुलाने, एखाद्या शाळेने सीमावर्ती भागातील एका गावाशी नाते जोडावे. तेथील एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार दहावीपासून पदवीपर्यंत उचलावा आणि शिकून त्याने आपल्याच जिल्ह्यात परतावे, असा आग्रह धरावा. वैष्णोदेवीला जाणाऱ्या कुटुंबांनी, सुरक्षेचा सल्ला घेऊन, एक दिवस राजौरीसाठी राखावा. मृतांच्या वर्षश्राद्धाला एखादे पत्र गावाच्या नावे जावे. ‘आम्ही तुम्हाला विसरलो नाही’ एवढे एक वाक्य, ते दरवर्षी पोहोचत राहिले तर, पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला मोठे बळ देते.

सीमेचे रक्षण सेना करते; परंतु सीमा टिकते ती तिथे नांगर चालतो, शाळेची घंटा वाजते आणि देवळात सायंकाळी दिवा लागतो म्हणून. माणसे निघून गेलेल्या भूमीचे रक्षण जगातील कोणतीही सेना फार काळ करू शकत नाही. सात चिता पेटल्यानंतरही डांगरीने आपल्या चुली विझू दिल्या नाहीत. शोक तिने स्वतःच्या बळावर पेलला. पुढची वर्षे मात्र तिला एकटीने पेलावी लागू नयेत, ही जबाबदारी तुमची-आमची आहे.