हरेलीच्या रात्रीची टोनही

मी रायपूरची. आमचे घर मराठी, पण गल्ली छत्तीसगढी. त्यामुळे दिव्यांच्या अवसेला आई समया-निरांजने घासून पाटावर मांडते, त्याच दिवशी शेजारी हरेली असते. नांगर, कुदळ धुऊन पुजतात, गुळाचे चीले होतात, मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून हिंडतात. दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात. डहाळी कशाला म्हणून विचारले, तर उत्तर मिळते, आज रात्री टोनही निघते.

टोनही म्हणजे चेटकीण. ती फक्त गोष्टीतली असती, तर या पानावर मी तिच्याविषयी लिहिले नसते. खेड्यात लागोपाठ दोन लेकरे तापाने फणफणली किंवा म्हैस अचानक आटली, की कुणीतरी एका बाईकडे बोट दाखवते आणि बैगा त्याला दुजोरा देतो. ती बाई बहुधा विधवा, मूलबाळ नसलेली किंवा एकटी राहणारी असते. पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीनही असते. पाठीशी चार धट्टेकट्टे भाऊ असलेल्या बाईला सहसा कुणी टोनही म्हणत नाही, यातच काय ते कळते. मग वाळीत टाकणे, मारहाण, धिंड आणि कधी कधी खून.

इथल्या वर्गमैत्रिणींना वाटते, असल्या बाबतीत महाराष्ट्र पुढे आणि आम्ही मागासलेले. कायद्यापुरते तरी उलटे आहे. छत्तीसगडचा टोनही प्रताडना निवारण कायदा 2005 सालचा. एखाद्या बाईला नुसते टोनही ठरवले, तरी 3 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तिचा छळ केला किंवा झाडफूक केली, तर 5 वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला 2013 उजाडले, आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांत याच प्रकाराला डाकीण म्हणतात. तेव्हा कुणीच कुणाला नाके मुरडू नयेत.

कायदा पुस्तकात असतो, गावात तो कुणीतरी न्यावा लागतो. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती कित्येक वर्षे हेच करत आहे. हरेलीच्या रात्री, जेव्हा लोक दारे लावून घेतात, तेव्हा ही मंडळी गावोगाव फिरून लोकांशी बोलतात. मला हे फार आवडते. भीतीवर भाषण देणे सोपे असते. त्या रात्री त्या रस्त्याने चालून दाखवणे वेगळे.

आता पालक म्हणतील, हे मोठ्यांचे काम, तुम्ही शिका. निम्मे मला पटते. चिडलेल्या जमावापुढे सोळा वर्षांच्या मुलीने एकटीने उभे राहू नये. तिथे 112 लावावा. पण जमाव एका रात्रीत जमत नाही. आधी पाणी भरताना, पानठेल्यावर, शाळेच्या वाटेवर आठ-पंधरा दिवस कुजबूज चालते, आणि ती सगळ्यांत आधी मुलांच्या कानावर येते. ‘तिच्या घरचे काही खाऊ नको’ हे मुलांनाच सांगितलेले असते. त्याच वेळी घरात ‘बैगा नको, मितानिनताईला बोलवा’ एवढे म्हणायला काय लागते? मितानिन म्हणजे आमच्याकडची आशाताई. ती 2002 पासून, म्हणजे आशा योजनेच्याही आधीपासून, गावागावांत आहे.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी बाहेरच्या मुलांकडे नसते. आपल्याला रिपोर्ट द्यायला शिकवले आहे. कुठे, किती जण, कधीपासून, कुणी काय पाहिले. ऐकीव वेगळे, डोळ्यांनी पाहिलेले वेगळे. पोलिसांना फोन केल्यावर हेच हवे असते, आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेच सांगता येत नाही. शिस्त म्हणजे विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असे काही कॅडेट समजतात. पण संत्रीने काही दिसले तरी गप्प बसावे, असे आम्हाला एकाही सरांनी शिकवलेले नाही.

दरवर्षी कॅम्पसाठी आपण एखाद्या खेड्यात जातो, झाडे लावतो, शाळेची भिंत रंगवतो. यंदा त्या भिंतीवर सुविचाराऐवजी या कायद्यातली शिक्षेची कलमे सोप्या मराठीत लिहावीत, अशी माझी सूचना आहे. संध्याकाळी वीस मिनिटांचे पथनाट्यही करता येईल. संहिता मी लिहिते. बैगाच्या कामासाठी मात्र परेडला सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा कुणीतरी लागेल. इच्छुकांनी मराठीच्या मॅडमकडे नाव द्यावे.