उसाचे बिल घरच्या पोरीपुढे ठेवा

तुमच्या घरात एमएस-सीआयटी झालेलं कुणी ना कुणी असेलच. मुलगी असेल, सून असेल, नाहीतर भावाचा पोरगा. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फायलीत घालून कपाटात ठेवलेलं असेल. आज एक करा. गेल्या हंगामाचं उसाचं बिल तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "बाळ, एवढं एक्सेलमध्ये मांडून दाखव."

पुढं काय होतं ते मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. पोर तक्ता आखते, रेघा मारते, वरचे नाव ठळक करते, जमलं तर पिवळा रंगही भरते. मग बिलावरचे आकडे जसेच्या तसे उतरवते. शेवटची रक्कमसुद्धा बिलातच बघून टाइप करते! मंडळी, याला हिशेब म्हणत नाहीत. ही नक्कल झाली, आणि नक्कल तर झेरॉक्सवालाही दोन रुपयांत काढून देतो.

पोरीचा यात दोष नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली निघाले आणि त्यांच्या एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यातल्या लाखो मुलांचा हात संगणकाला लावला, हे मान्यच करायला हवे. पण सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागते म्हणून कोर्स करायचा, आणि परीक्षेत विचारतात तेवढेच शिकायचे, असे होऊन बसले. क्लासातले उदाहरण बहुधा गुणपत्रिकेचे असते. राम, शाम, सीता यांचे गणित-इंग्रजीचे मार्क. पंढरपूर तालुक्यातल्या पोरांना ऊस, डाळिंब, कासेगावची द्राक्षे, बेदाणा हे सगळे सोडून राम-शामच्या मार्कांवर बेरीज कशासाठी शिकवायची, हे मला अजून उमगलेले नाही.

हा तक्ता मुळात निघाला तो धंद्याच्या हिशेबासाठीच. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिसिकॅल्क नावाचा पहिला गाजलेला प्रोग्रॅम बाजारात आणला. ब्रिकलिन तेव्हा हार्वर्डला व्यवसायाचे शिक्षण घेत होते. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा चुकला की त्याच्या पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागे. ती कटकट जावी म्हणून हा उद्योग. एका घरातला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलले पाहिजेत. एक्सेलचे मर्म एवढेच आहे. बाकी रंग आणि रेघा.

आता आपल्या बिलाकडे या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाची एफआरपी ठरवली ती अशी : १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, खाली गेला तर तेवढेच कमी, आणि उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर नाही. समजा कारखान्याचा हिशेबाला धरलेला उतारा ९.९० आहे. म्हणजे ०.३५ कमी. साडेतीन वेळा ३ रुपये ४६ पैसे वजा करा. क्विंटलला ३४२ रुपये ८९ पैसे, म्हणजे टनाला ३,४२८ रुपये ९० पैसे. तोडणी-वाहतूक टनाला ९०० धरू. राहिले २,५२८ रुपये ९० पैसे. ऊस ८५ टन गेला असेल तर २ लाख १४ हजार ९५६ रुपये ५० पैसे.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही कागदावर करतो. करता, खरे आहे. पण तोडणी-वाहतूक ९०० च्या जागी ९५० लागली तर? ८५ टनाला ४,२५० रुपये गेले. उतारा ९.९० ऐवजी १०.१० धरला असता तर? कागदावर दर वेळी पहिल्यापासून मांडायचे, आणि तिसऱ्या वेळी माणूस कंटाळून 'जाऊ द्या' म्हणतो. तक्त्यात उतारा, तोडणी-वाहतूक आणि टन हे तीन आकडे तीन वेगळ्या घरांत ठेवा. चौथ्या घरात आकडा टाइप करायचा नाही. तिथे बरोबरचे चिन्ह देऊन सूत्र लिहायचे, की या घरातला आकडा त्या घरातल्याने गुणा. मग वरचा आकडा बदला आणि खालची रक्कम हलताना बघा. ज्या शेतकऱ्याने एकदा हे डोळ्यांनी बघितले तो दुसऱ्या दिवशी क्लासला न बोलावता येतो.

आणि पुढचा रकाना विसरू नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याजासह. वरच्या रकमेला ६० दिवस उशीर झाला तर व्याज ५,३०० रुपये होते. व्याज मिळायला पाहिजे असे गावात सगळेच बोलतात, पण स्वतःचे किती निघते हे आकड्यात सांगणारा विरळा. अर्जावर 'व्याज मिळावे' लिहिणे वेगळे, आणि तारखांसह पाच हजार तीनशे लिहिणे वेगळे.

बचत गटाच्या भगिनींसाठी याहून सोपे आणि याहून झोंबणारे उदाहरण आहे. एक लाख रुपये शेकडा दोनने घेतले, महिन्याला दहा हजार मुद्दल फेडून दहा महिन्यांत संपवायचे. व्याज दर महिन्याला पूर्ण लाखावर धरले तर दहा महिन्यांचे वीस हजार. राहिलेल्या मुद्दलावर धरले तर पहिल्या महिन्यात दोन हजार, दुसऱ्यात अठराशे, मग सोळाशे, असे उतरत जाऊन एकूण अकरा हजार. 'शेकडा दोन' हा बोल तोच, फरक नऊ हजारांचा! हा तक्ता दहा ओळींचा आहे. पहिल्या दोन ओळींची सूत्रे लिहिली की बाकीच्या खाली ओढून भरतात. ट्रॅक्टरच्या कर्जाचा, हातउसन्या पैशांचा हिशेब याच सूत्राने सुटतो. वाखरीच्या बाजारात जनावराचे दात बघितल्याशिवाय आपण विसार देत नाही. कर्जाचे दात मात्र बघत नाही.

शिकताना चार ठिकाणी हमखास ठेच लागते. घरात '८५ टन' असे लिहिले की तक्ता त्याला आकडा मानत नाही, बेरजेत धरत नाही. 'टन' वरच्या मथळ्यात लिहा, घरात नुसते ८५. मराठी कळफलकावरून टाकलेल्या आकड्याचेही पुष्कळदा असेच होते, तेव्हा आकडे इंग्रजीत टाका. तारखेचे तर फारच बघावे लागते. ३/४ म्हणजे तुमच्या मनात ३ एप्रिल, पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ४ मार्च समजतो, आणि व्याजाचे तीस दिवस इकडचे तिकडे होतात. चौथी ठेच म्हणजे बेरजेचे सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत न पोचणे. यात नवशिकेच चुकतात असे नाही. हार्वर्डचे रेनहार्ट आणि रोगॉफ हे नामांकित अर्थतज्ज्ञ. सरकारी कर्जावरच्या त्यांच्या २०१० च्या निबंधात सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्राबाहेर राहिल्या, आणि २०१३ साली थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता उघडून ते दाखवले. विद्यार्थ्याला दिसले, कारण तक्ता आणि सूत्र त्याच्या हाती आले.

म्हणून गावच्या कारभाऱ्यांनाही एक सांगणे आहे. ग्रामसेवक भाऊसाहेब (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, गावाच्या तोंडी भाऊसाहेबच), नमुना ९ ची मागणी तुम्ही सांभाळता. मागील बाकी, चालू मागणी, वसूल, शिल्लक. ग्रामसभेत नुसती शेवटची बेरीज वाचून दाखवू नका. घरपट्टी-पाणीपट्टीचा एकूण तक्ता पडद्यावर उघडा आणि शिल्लक कोणत्या सूत्राने आली ते दाखवा. सोसायटीच्या गटसचिवांनाही तेच. विकास सोसायट्या संगणकावर आणायची केंद्राची योजना २०२२ साली मंजूर झाली. पण खाते संगणकावर आल्याने सभासदाला व्याज कळते असे नाही. त्याला त्याच्या कर्जाचे दिवस, दर आणि रक्कम तीन घरांत दाखवली तर कळते. यात तुमच्यावर कुणी संशय घेत नाही. उलट रोजचे चार वाद मिटतील.

हल्ली पोरं म्हणतात, मोबाईलला विचारलं की तोच सगळा हिशेब करून देतो. देत असेल. पण तोडणी-वाहतूक किती धरली आणि उतारा कोणता धरला, हे विचारायचे भान आधी आपल्याला हवे.

खर्चाचे कारण सांगू नका. गुगल शीट्स मोबाईलवर फुकट चालते, संगणकावर लिब्रेऑफिस फुकट मिळते. उन्हाळ्यात हायस्कूलची संगणक खोली कुलूपबंद असते. मुख्याध्यापकांना भेटून संध्याकाळचा एक तास मागून घ्या, दहा दिवस पुरतात. एमएस-सीआयटी झालेली गावातलीच पोरगी शिकवू द्या, म्हणजे तिचेही शिकणे पुरे होईल. तिला दोन पैसे मानधन जरूर द्या. पहिल्या दिवशी वही-पेन नको. गेल्या हंगामाचे बिल आणि काट्याच्या पावत्या घेऊन या. पावत्या कुठं ठेवल्यात ते आठवत नसेल, तर त्या शोधायला आजच लागा.