मुख्याध्यापकांचंही एकच मत!

कॉलेजात नवा नियम आला की आपल्याला तो थेट नोटीस बोर्डावरच कळतो. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या समरहिल या इंग्लंडमधल्या निवासी शाळेत तसं नाही. रोजचे नियम सभेत ठरतात. चिमुकल्या पोराचं एक मत, मुख्याध्यापकांचंही एकच. तासाला बसायची सक्ती नाही. १९९९ मध्ये सरकारी तपासणीने यावरच बोट ठेवलं, शाळा बंद पडायची वेळ आली. २००० मध्ये लंडनच्या कोर्टात तडजोडीचा मसुदा आला, तेव्हा मुलांनी तिथेच सभा भरवून तो मान्य केला. नील १९७३ मध्येच गेले होते. पुढे पत्नी, मग मुलगी. खुर्ची बदलली, सभा नाही. आपण निदान ‘हा नियम का?’ एवढं तरी विचारूया ना!